खुब्याचे हाड मोडले तर: पडल्या तासापासून पुन्हा चालेपर्यंत

नाशिकच्या जुन्या वस्तीत, म्हणजे पंचवटी, भद्रकाली, रविवार कारंजा या भागांत, मी गेली अठरा वर्षे घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देत आहे, आणि मला बोलावणाऱ्या अनेक घरांची हकिगत एकाच जागी सुरू होते. पहाटे लघवीसाठी उठलेल्या आजी मोरीच्या ओल्या फरशीवर घसरतात, किंवा आजोबा अंधारात उंबऱ्याला अडखळतात आणि कुशीवर आपटतात. पडण्याची उंची काहीच नसते, पण ठिसूळ झालेल्या हाडाला तेवढे पुरते. मांडीच्या हाडाचा वरचा भाग, ज्याला आपण खुब्याचे हाड म्हणतो, तो मोडतो.

माझ्या स्वतःच्या आजीच्या बाबतीत हेच घडले आणि त्यात झालेली चूक आमच्या घराचीच होती. हाडवैदाचा लेप, तेलाचे मालीश आणि 'या वयात कशाला कापाकापी' या विचारात आम्ही नऊ दिवस घालवले. शस्त्रक्रिया झाली तेव्हा तिच्या माकडहाडावर जखम झालेली होती, छातीत कफ भरला होता, आणि चौथ्या महिन्यात ती गेली. मी तेव्हा फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला हे कळायला हवे होते. या दुखापतीनंतर एका वर्षाच्या आत साधारण २० ते ३० टक्के वृद्ध दगावतात, असे जगभरातील अनुभव सांगतो. त्यांतले थोडेच शस्त्रक्रियेच्या टेबलावर दगावतात. बहुतेकांना नेतो तो न्यूमोनिया, रक्ताची गुठळी, शय्याव्रणांतला (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांतला) जंतुसंसर्ग आणि खंगत जाणारे शरीर, म्हणजे पडून राहण्याचे परिणाम. म्हणूनच पुढची प्रत्येक पायरी एकाच हेतूने सांगितली आहे: वृद्ध माणसाचा अंथरुणातला मुक्काम शक्य तितका लहान करणे.

पडल्यानंतरचा पहिला तास

पडलेल्या माणसाला लगेच हाताला धरून उभे करू नये. आधी तिथेच विचारावे की दुखते कुठे. खुब्याचे हाड मोडलेले असेल तर वेदना बहुधा जांघेत किंवा मांडीच्या वरच्या भागात असते, झोपलेल्या स्थितीत तो पाय सरळ ठेवून उचलता येत नाही, आणि दोन्ही टाचा शेजारी ठेवून पाहिल्या तर एक पाय किंचित आखूड व पाऊल बाहेरच्या बाजूला कललेले दिसते. हे चित्र दिसले तर दुसरी कोणतीही खात्री करत बसण्याची गरज नाही. मात्र हे चित्र दिसले नाही म्हणून हाड शाबूत आहे असेही मानू नये, कारण मोडलेले तुकडे कधी कधी एकमेकांत घट्ट रुतून बसतात आणि माणूस लंगडत का होईना चालू शकतो. अशी आजी 'थोडे लचकले आहे' म्हणत चार दिवस घरात वावरते आणि पाचव्या दिवशी तुकडे सरकतात. साठी उलटलेल्या माणसाच्या जांघेत पडल्यानंतर दुखू लागले आणि पाय टाकताना ते वाढले, तर त्याच दिवशी एक्स-रे काढलाच पाहिजे.

पाय ओढून सरळ करण्याचा प्रयत्न करू नये, मालीश करू नये, गरम शेक देऊ नये आणि घट्ट पट्टी बांधू नये. पाय ज्या स्थितीत कमी दुखतो तसाच राहू द्यावा, दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवावी आणि ओढणी किंवा पंचाने दोन्ही पाय एकमेकांना सैलसर बांधावेत, म्हणजे चांगला पाय मोडलेल्या पायाचा आधार होतो. अंगावर चादर किंवा ब्लँकेट घालावे. द्राक्षांच्या हंगामात, जेव्हा घरातले सगळे बागेत असतात आणि म्हातारे माणूस एकटे घरी असते, तेव्हा पडलेले माणूस कित्येक तास फरशीवर तसेच राहते, आणि निफाडसारख्या ठिकाणी, जिथे जानेवारीत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, तिथे गारठलेले अंग आणि शरीरातले कमी झालेले पाणी ही मोडलेल्या हाडाइतकीच गंभीर बाब ठरते. किती वेळ पडून होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण बराच काळ दाबून राहिलेल्या स्नायूंमुळे मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो.

रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे आणि ही सेवा विनामूल्य आहे. जुन्या नाशिकच्या गल्ल्यांमध्ये गाडी अनेकदा तोंडाशीच थांबते आणि वाड्याचा जिना अरुंद व उभा असतो, त्यामुळे माणसाला खाली कसे आणायचे याचा विचार गाडी येण्याआधी करावा. खुर्चीत बसवून उतरवणे सोपे वाटते, परंतु बसवताना खुबा दुमडतो आणि असह्य वेदना होतात. जाड चादरीवर किंवा सपाट फळीवर झोपवून चार माणसांनी, एकाने मोडलेल्या पायाकडे लक्ष ठेवत, सावकाश उतरवावे. सोबत तीन गोष्टी घ्याव्यात: चालू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या, जुनी फाइल, आणि कागदावर लिहिलेली एक ओळ की शेवटचे खाणे-पिणे किती वाजता झाले. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तिचे नाव आणि शेवटच्या गोळीची वेळ ही त्या कागदावरची सर्वांत मोलाची माहिती आहे.

रुग्णालयात पोचल्यावर

सुरगाणा किंवा पेठकडून घाटरस्त्याने येणाऱ्या रुग्णाचा निम्मा दिवस प्रवासातच जातो, म्हणून निघण्याआधी दूरध्वनी करून एवढेच विचारावे की खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया तिथे होते का आणि आज किंवा उद्या होऊ शकेल का. त्र्यंबक रस्त्यावरचे जिल्हा रुग्णालय असो, आडगावचे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असो की एखादे खासगी अस्थिरोग रुग्णालय, निवड करताना इमारतीपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्याला जोडून दुसरा प्रश्न असा की हृदय, मधुमेह, रक्तदाब पाहणारे फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ तिथे उपलब्ध आहेत का, कारण हाड जोडणारा हात कितीही कुशल असला तरी ऐंशी वर्षांच्या माणसाला सांभाळणारे डोळे बहुधा दुसऱ्याचे असतात.

पोचल्यावर पहिला हक्क वेदनेपासून सुटकेचा आहे, आणि तो मागून घ्यावा लागला तर संकोच करू नये. पॅरासिटामॉल हा पाया असतो. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी औषधे वृद्धांच्या मूत्रपिंडाला आणि जठराला जड जातात, म्हणून ती स्वतःहून देऊ नयेत. जांघेच्या वरच्या भागात इंजेक्शन देऊन तिथल्या नसा काही तास बधिर करण्याची सोय आज अनेक ठिकाणी आहे आणि तिच्यामुळे एक्स-रेसाठी हलवणेदेखील सुसह्य होते. पायाला वजन लावून ठेवण्याची पद्धत अजूनही पाहायला मिळते, परंतु शस्त्रक्रियेआधी असे वजन लावल्याने वेदना कमी होतात किंवा पुढचे काम सोपे होते असे अभ्यासांत आढळलेले नाही.

एक्स-रेत मोड दिसली नाही, पण वेदना आणि पाय उचलता न येणे ही लक्षणे कायम असली, तर एमआरआय किंवा तो शक्य नसल्यास सीटी स्कॅन करून घ्यावा. बारीक भेग साध्या एक्स-रेत सुटू शकते.

कोणत्या जागी मोडले यावर शस्त्रक्रिया ठरते

शेजारच्या काकूंना रॉड टाकला आणि आमच्या आईचा बॉल का बदलायचा, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि त्याचे उत्तर रक्तपुरवठ्यात आहे. मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कमरेच्या हाडातल्या वाटीत बसते. चेंडूच्या खाली एक निमुळती मान असते आणि मानेच्या खाली हाडाचे दोन उंचवटे असलेला रुंद भाग. चेंडूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मुख्यतः त्या मानेला लगटून वर चढतात. हाड मानेत मोडले आणि तुकडे सरकले की या वाहिन्या तुटतात, चेंडूचे रक्त बंद होते, आणि स्क्रू घालून जोडले तरी हाड जुळेल किंवा चेंडू जिवंत राहील याची शाश्वती उरत नाही. म्हणून वृद्धांमध्ये अशा वेळी मोडलेला चेंडू काढून धातूचा बसवतात. जो माणूस पडण्याआधी आधाराशिवाय हिंडता-फिरता होता, ज्याची बुद्धी आणि प्रकृती चांगली आहे, त्याच्यासाठी वाटीसह संपूर्ण सांधा बदलण्याचा विचार होतो, कारण नुसता बदललेला चेंडू फार वापर झाल्यास वाटीची कूर्चा झिजवू शकतो. तुकडे सरकलेले नसतील, किंवा रुग्ण तरुण असेल, तर स्वतःचा चेंडू वाचवण्यासाठी स्क्रू घालतात. तरुण माणसाच्या बाबतीत दुखापत बहुधा गाडीच्या अपघाताची असते आणि तिचे गणित पूर्ण वेगळे आहे, म्हणून ते इथे बाजूला ठेवते.

मानेच्या खालच्या रुंद भागात हाड मोडले तर तिथे रक्त भरपूर असते आणि हाड साधारण तीन-चार महिन्यांत जुळते. प्रश्न असतो तो जुळेपर्यंत ते जागेवर धरून ठेवण्याचा आणि तोवर माणसाला चालते करण्याचा. त्यासाठी हाडाच्या पोकळीत रॉड घालून वरून चेंडूत मोठा स्क्रू बसवतात, किंवा बाहेरून प्लेट आणि स्क्रू लावतात. मोड स्थिर नसेल, म्हणजे अनेक तुकडे असतील किंवा मोडीची रेघ उलट्या दिशेने उतरत असेल, तर रॉड अधिक भरवशाचा मानला जातो.

शल्यचिकित्सकांना विचारण्याजोगे प्रश्न मोजकेच आहेत. हाड नेमके कुठे मोडले आहे? यासाठी कोणती शस्त्रक्रिया आणि ती का? दुसऱ्या दिवशी पायावर पूर्ण वजन टाकू देणार का, आणि नसल्यास कशामुळे? शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण वृद्धांमध्ये शस्त्रक्रिया अशीच निवडायची असते की तिच्यानंतर लगेच वजन टाकता येईल. थोडेसेच वजन टाका आणि बाकीचे टाकू नका, असे सांगून थकलेले म्हातारे माणूस ते पाळू शकत नाही. ते सरळ अंथरुणात राहते.

शस्त्रक्रियेसाठी किती थांबावे

जगभरच्या मार्गदर्शक सूचनांचा सूर एक आहे: रुग्णालयात आल्यापासून शक्यतो २४ ते ४८ तासांत शस्त्रक्रिया व्हावी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह १७ देशांतल्या २,९७० रुग्णांच्या अभ्यासात निदानानंतर साधारण ६ तासांत शस्त्रक्रिया झालेले आणि साधारण २४ तासांत झालेले रुग्ण यांची तुलना केली गेली. मृत्यूच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक आढळला नाही, परंतु लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये भ्रमाचे प्रमाण कमी होते आणि ते लवकर उभे राहून लवकर घरी गेले. मी यातून घरच्यांना असे सांगते की तपासण्यांसाठी एक दिवस गेला तर घाबरू नये, पण मुंबईहून मुलगा येईपर्यंत, किंवा चांगला दिवस मिळेपर्यंत, चार-पाच दिवस जाऊ देऊ नयेत.

थांबण्याची खरी कारणे थोडी आहेत. हृदय निकामी होऊन धाप लागलेली असणे, छातीत तीव्र संसर्ग असणे, रक्तातील सोडियम किंवा पोटॅशियम धोकादायक पातळीवर असणे, साखर हाताबाहेर गेलेली असणे, हिमोग्लोबिन फार उतरलेले असणे, यांवर आधी उपचार करावे लागतात आणि बहुतेक वेळा ते काही तासांत सुरू होऊन एक-दोन दिवसांत मार्गी लागतात. ॲस्पिरिन चालू असल्यामुळे शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची गरज सहसा नसते. वॉरफेरिन चालू असेल तर त्याचा परिणाम औषधाने उतरवता येतो, आणि रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांसाठी साधारण एक-दोन दिवस थांबावे लागू शकते. हृदयाची टूडी इको तपासणी ज्यांना गरज आहे त्यांनी करावी, पण केवळ तिची तारीख मिळत नाही म्हणून रुग्ण दिवसेंदिवस पडून राहणे योग्य नाही, आणि अशा वेळी घरच्यांनी फिजिशियन व भूलतज्ज्ञ यांना एकत्र बोलण्याची विनंती करावी. कमरेत भूल द्यावी की पूर्ण भूल द्यावी, यावर घरात फार काथ्याकूट होतो. दोन्हींचे निकाल सारखेच दिसून आलेले आहेत, तेव्हा तो निर्णय भूलतज्ज्ञांवर सोपवावा.

थांबण्याच्या काळात रुग्णाला तासन्‌तास उपाशी ठेवू नये. साधारणपणे शस्त्रक्रियेच्या सहा तास आधीपर्यंत हलके खाणे आणि दोन तास आधीपर्यंत साधे पाणी चालते. शस्त्रक्रिया उद्यावर गेली असे कळताच लगेच जेवण द्यावे. शय्याव्रण पहिल्या काही तासांतही सुरू होऊ शकते, म्हणून टाचांखाली मऊ घडी ठेवून टाचा गादीपासून अधांतरी कराव्यात आणि दर दोन तासांनी कूस किंचित बदलून पाठ व माकडहाड पाहावे. त्वचा लाल दिसली आणि बोटाने दाबूनही पांढरी झाली नाही, तर परिचारिकेला तत्काळ दाखवावे.

शस्त्रक्रिया नकोच, असा निर्णय कधी योग्य असतो का? असतो. ज्या माणसाचे आयुष्य अन्य आजाराने शेवटच्या काही दिवसांवर आलेले आहे, त्याच्यासाठी वेदनाशमन आणि शुश्रूषा हाच उपचार असू शकतो. पण 'आई पंच्याऐंशीची आहे' हे एकच कारण त्यासाठी पुरेसे नाही. कालपर्यंत काळारामाच्या दर्शनाला पायी जाणारी पंच्याऐंशीची आई शस्त्रक्रिया करू नये अशी नसते.

खर्चाबद्दल थोडक्यात: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत दर कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे, आणि ७० वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. रुग्णालय योजनेत आहे का आणि ही शस्त्रक्रिया तिथे मंजूर आहे का, हे त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारावे. आधार कार्ड आणि रेशनकार्ड पहिल्याच दिवशी सोबत असले की मंजुरीसाठीचा वेळ वाचतो. ज्या घरात सत्तरीचे माणूस आहे त्यांनी वय वंदना कार्ड आजच काढून ठेवावे.

दुसऱ्या दिवशी उभे राहणे

शस्त्रक्रियेनंतरची पहिली सकाळ हा माझ्या दृष्टीने सगळ्या उपचारातला सर्वांत मोठा क्षण आहे. रुग्णाला वेदनाशामक औषध देऊन साधारण अर्ध्या तासाने खाटेच्या कडेला बसवायचे, पाय खाली सोडायचे, चक्कर येत नाही हे पाहायचे, रक्तदाब मोजायचा आणि वॉकर धरून उभे करायचे. त्या दिवशी चार पावले पडली तरी ती पुरेशी आहेत. घरचे लोक हात जोडून म्हणतात की आज राहू द्या, फार दुखते आहे, आणि त्यांची माया मला कळते. परंतु ज्या फुप्फुसांत कफ साठतो आहे आणि ज्या पोटऱ्यांत रक्त मंदावले आहे, त्यांना उद्याची सवलत नसते. सोबत दर तासाला दहा वेळा दीर्घ श्वास, घोटे वर-खाली करणे आणि गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल दाबून मांडीचा स्नायू आवळणे, हे तीन व्यायाम खाटेवर चालू ठेवावेत. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली इंजेक्शने किंवा गोळ्या सांगितलेल्या दिवसांपर्यंत चुकवू नयेत.

अनेक रुग्ण पहिल्या दोन-तीन रात्री असंबद्ध बोलू लागतात, घरच्यांना ओळखत नाहीत, सलाईन ओढून काढतात. गावाकडे याला वात झाला म्हणतात आणि माणूस आता गेला असे समजून घर खचते. हा बहुतेक वेळा तात्पुरता भ्रम असतो, आणि त्यामागे वेदना, जंतुसंसर्ग, सोडियमची घट, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ किंवा झोपेचे औषध यांपैकी काहीतरी शोधून सापडते. रुग्णाला त्याचा चश्मा आणि कानाचे यंत्र परत द्यावे, दिवसा खिडकी उघडी ठेवावी, रात्री एकच ओळखीचे माणूस जवळ असावे, आणि हातपाय बांधण्याऐवजी डॉक्टरांना कारण शोधायला सांगावे. लघवीची नळी गरज संपताच काढून घ्यावी.

घरी आल्यानंतरचे बारा आठवडे

वाड्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी साधारण दीड-दोन महिने खालच्या मजल्यावर सोय करावी, मग ती ओसरीवर पडदा लावून का होईना. खाट आणि खुर्ची एवढी उंच हवी की बसल्यावर खुबा गुडघ्यापेक्षा किंचित वर राहील. खुर्चीला हात असावेत. वॉकरची उंची ठरवताना रुग्णाने ताठ उभे राहून हात मोकळे सोडावेत आणि वॉकरची मूठ मनगटाच्या घडीच्या पातळीला यावी. उसना आणलेला वॉकर बहुधा दुसऱ्याच्या उंचीचा असतो, तो न तपासता वापरल्याने माणूस वाकून चालायला लागतो. चालण्याचा क्रम असा ठेवावा: आधी वॉकर, मग शस्त्रक्रिया झालेला पाय, मग चांगला पाय. पुढे पायऱ्यांचा सराव सुरू झाला की चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा पाय आधी.

आता एका गैरसमजाबद्दल सविस्तर सांगते, कारण त्यामुळे मी माणसे विनाकारण पंगू झालेली पाहिली आहेत. चेंडू किंवा सांधा बदललेल्या रुग्णाला, विशेषतः मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल तर, सांधा निखळू नये म्हणून नियम असतात: खुबा काटकोनापलीकडे दुमडायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचे नाही, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची. हे नियम साधारण तीन महिने काटेकोर पाळावेत, आणि उकिडवे बसणे व मांडी घालणे अनेक शल्यचिकित्सक कायमचेच टाळायला सांगतात, त्यामुळे कमोड किंवा उंच बैठकीची शौचखुर्ची लागते. रॉड टाकलेल्या रुग्णाला मात्र निखळण्यासारखे काही नसते, त्यामुळे हे नियम त्याला लागू होत नाहीत आणि हाड जुळल्यावर त्यांच्यापैकी बरेच जण पुन्हा जमिनीवर बसू शकतात. भेटायला आलेली मंडळी मात्र स्वतःच्या घरातल्या रुग्णाचे नियम इथे सांगून जातात, आणि घाबरलेली आजी सहा महिने गुडघाही वाकवत नाही. आपल्या रुग्णाचे नियम डिस्चार्ज कार्डावर शल्यचिकित्सकांकडून लिहून घ्यावेत आणि फक्त तेच पाळावेत.

टाके साधारण १२ ते १४ दिवसांनी काढतात, आणि सहाव्या व बाराव्या आठवड्याच्या सुमारास एक्स-रे घेतला जातो. दरम्यान काही लक्षणांवर वाट न पाहता रुग्णालय गाठावे: पोटरी एकाएकी सुजून दुखू लागणे, धाप लागणे किंवा छातीत दुखणे, जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप, काळे शौच, अचानक कळ येऊन पाय आखूड होणे. रॉड असलेल्या रुग्णाची वेदना कमी होत होत पुन्हा वाढू लागली तर स्क्रू सरकला आहे का हे एक्स-रेने पाहावे लागते.

जेवणाकडे घरोघरी दुर्लक्ष होते. आजारी माणसाला मऊ भात आणि वरणाचे पाणी, हा आपला शिरस्ता स्नायू भरून येण्यासाठी पुरत नाही. दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे ५० किलो वजनाच्या आजींना ५० ते ६० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारावे. घट्ट वरण, मटकीची उसळ, पनीर, दही, आणि चालत असेल तर दोन अंडी किंवा मासे, हे दिवसभरात विभागून द्यावे, कारण एका वेळी फार खाल्ले जात नाही.

दुसरे हाड मोडू नये म्हणून

इथे बहुतेक घरे थांबतात, आणि मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती इथेच. उभ्या उंचीवरून पडून खुब्याचे हाड मोडले, याचाच अर्थ हाडे ठिसूळ झाली आहेत. त्यासाठी डेक्सा या हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीच्या आकड्याची वाट पाहायची गरज नाही. एकदा असे हाड मोडलेल्या माणसाला पुन्हा कुठलेतरी हाड मोडण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, आणि तरीही डिस्चार्ज कार्डावर कॅल्शियमच्या गोळीपलीकडे काही नसते. नुसते कॅल्शियम पुरत नाही.

वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रॉनिक ॲसिडचे ५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन हा यावरचा चांगला तपासलेला उपाय आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, खुब्याचे हाड मोडलेल्या २,१२७ रुग्णांच्या अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत हे इंजेक्शन सुरू केलेल्यांमध्ये नवी हाडे मोडण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांनी आणि मृत्यूचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी आढळले. ते सहसा शस्त्रक्रियेनंतर दोन आठवडे उलटल्यावर देतात. त्याआधी ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढावी लागते, क्रिएटिनिन पाहावे लागते कारण मूत्रपिंड फार कमजोर असल्यास हे औषध देत नाहीत, आणि दात काढायचा असेल तर ते काम आधी उरकावे. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस अंग दुखून ताप येऊ शकतो, त्याला पॅरासिटामॉल पुरते. दुसरा पर्याय अलेंड्रोनेटच्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या ७० मिलिग्रॅमच्या गोळीचा आहे. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. ज्यांना ताठ बसताच येत नाही त्यांनी ती घेऊ नये. फार ठिसूळ हाडांसाठी रोज टोचायचे टेरिपॅराटाइडही आहे, पण ते महाग आहे. कॅल्शियम आहार आणि गोळी मिळून दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या आसपास आणि पेलाभर दुधात साधारण २४० मिलिग्रॅम मिळते, हा हिशेब धरून गोळी ठरवता येते.

औषधाइतकेच घराकडे पाहावे. मोरीत आणि शौचालयात भिंतीला पोलादी कडी बसवावी, ओल्या शहाबादी फरशीवर पाय धरणारी रबरी चटई टाकावी, खाटेपासून मोरीपर्यंत रात्रभर लहान दिवा ठेवावा, आणि उंबऱ्याच्या कडेला ठळक रंगाची पट्टी ओढावी. मोतीबिंदू असेल तर त्याची तारीख पुढे ढकलू नये. झोपेच्या गोळ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस एकदा डॉक्टरांकडून नव्याने तपासून घ्यावा, कारण पहाटे उठताना येणारी चक्कर अनेकदा त्यांचीच असते. त्यासाठी झोपून आणि मग उभे राहून असा दोनदा रक्तदाब मोजायला सांगावे.

पहिले इंजेक्शन झाले की पुढच्या वर्षीची तारीख तिथल्या तिथे फाइलच्या आतल्या पानावर लिहावी आणि घरातल्या एका तरुण माणसाच्या मोबाइलमध्येही नोंदवावी. तोवर आजी चालू लागलेल्या असतात, फाइल कपाटात मागे सरकते, आणि दुसरा डोस चुकतो तो नेमका तेव्हाच.